कटकचा लिलाव

मी सातवीला इतिहास शिकवतो. मराठ्यांचा झेंडा अटकेपासून कटकपर्यंत फडकला, हे वाक्य आले की मुलांच्या छात्या फुगतात. खरे सांगायचे तर माझीही फुगते. यंदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "गुरुजी, अटकेचं कळलं, पण कटकचं पुढं काय झालं?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. लक्ष्मीपूजनाला चोपडी पुजणाऱ्या वाचकांपुढे तो जमाखर्च आज मांडतो.

नागपूरकर भोसल्यांकडे १७५१ पासून असलेले कटक इंग्रजांनी १८०३ च्या ऑक्टोबरात घेतले, आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी त्यावर पाणी सोडले. भोसल्यांचा अंमल म्हणजे रामराज्य होते असे कुणी समजू नये. पण सारा थकला तर घासाघीस होई, मुदत मिळे, कवड्यांतही भरणा चाले. इंग्रज आले ते बंगालातली एक रीत बरोबर घेऊन.

ती रीत अशी. १७९३ साली कॉर्नवॉलिसने बंगालच्या जमीनदारांचा सारा कायमचा ठरवला. वसुलाच्या अकरा भागांपैकी दहा सरकारचे, एक जमीनदाराचा. नेमल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत हप्ता आला नाही, तर महालाचा लिलाव. पूर आला, पीक बुडाले, या सबबी चालत नसत. लोक याला 'सूर्यास्ताचा कायदा' म्हणू लागले. १७९४ ते १८०७ या काळात बंगाल-बिहारच्या एकूण साऱ्यापैकी सुमारे ४१ टक्के सारा देणाऱ्या जमिनी लिलावात गेल्या! बिष्णुपूरच्या जुन्या राजघराण्याची जमीनदारी १८०६ साली अशीच विकली गेली आणि बर्दवानच्या राजाने ती घेतली. नाटोरच्या राजाच्या चाकरीतल्या कालीशंकर रायने तर धन्याचेच परगणे लिलावात घेऊन नडाइलची जमीनदारी उभी केली. कादंबरीत असे पात्र घातले तर संपादक म्हणतील, गुरुजी, जरा अतिशयोक्ती होते आहे.

घेणाऱ्याचे गणित वरवर पाहता सोपे होते. लिलावात बोली बोलणारे थोडे, त्यामुळे भाव पडलेला. कचेरीतल्या कारकुनाला कुठला महाल बुडणार हे आधीच ठाऊक, आणि कलकत्त्याच्या व्यापाऱ्याकडे रोकड तयार. पण गणिताची दुसरी बाजूही होती. ज्या हप्त्याने जुना मालक बुडाला, तोच हप्ता नव्याच्या मानेवर बसे. गाव पाहिलेले नाही, कुळे ओळखत नाहीत, कुठली जमीन पडीक हे माहीत नाही. आणि सूर्य तर रोज मावळतोच. पुष्कळ खरेदीदारांचे महाल पुन्हा विक्रीला आले. यावर बर्दवानच्या राजाने तोड काढली: महालाचे तुकडे करून 'पत्तनी' म्हणून कायमच्या पट्ट्याने दिले, आणि पत्तनीदाराने पैसे थकवले तर त्याचाही लिलाव. १८१९ च्या आठव्या रेग्युलेशनने सरकारने त्यावर शिक्का मारला. गळफास एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेला, इतकेच.

पुढे कायदे बदलत गेले आणि १८५९ च्या अकराव्या कायद्यापर्यंत लिलावात घेणाऱ्याचा हक्क चांगलाच भक्कम झाला. पूर्वीच्या मालकाने करून दिलेले बहुतेक बोजे आणि पट्टे त्याला रद्द करता येत. मग काही जमीनदार मुद्दाम सारा थकवीत, नातलगाच्या नावाने आपलाच महाल लिलावात घेत, आणि जुने पट्टेदार मोकळे करीत. आमच्या घरी घरपट्टीची नोटीस आली की सौभाग्यवती घाबरतात. त्यांना ही युक्ती मी अजून सांगितलेली नाही.

आता कटक. तिथे सारा कायमचा ठरवलाच नाही. एक, तीन, चार वर्षांच्या बोलीने तो ठरे, लिलाव मात्र बंगालसारखाच. त्यात सरकारला रुपये हवेत आणि रयतेच्या गाठी कवड्या. पूर्वी रुपयाला चार कहाण कवड्या पडत, म्हणजे ५,१२० कवड्या. कवडीचा भाव कोसळला तेव्हा त्याच रुपयाला सहा-सात कहाण मोजावे लागले. साऱ्याचा आकडा तोच राहिला, तरी ओझे दीडपटीहून वाढले.

आणि लिलाव कुठे? कलकत्त्याला! सुमारे अडीचशे मैलांवर. उडिया जमीनदाराला आपला महाल विकला गेल्याची बातमी कळेपर्यंत नवा मालक कागद घेऊन दारात उभा असे. १८०४ ते १८१८ या चौदा वर्षांत ओडिशातले निम्म्याहून अधिक जुने जमीनदार, ५१ टक्के, नाहीसे झाले. पुढे फकीरमोहन सेनापतींनी 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी लिहिली, तिच्या मुळाशी जमिनीचाच लोभ आहे. ज्यांना मिळेल त्यांनी ती अवश्य वाचावी.

खुर्द्याच्या राजाचा सेनापती बक्षी जगबंधू याच्याकडे रोडंग नावाची जहागीर होती. तिचा सारा शेजारचा महाल घेतलेल्या एका बंगाली खरेदीदारामार्फत भरला जाऊ लागला, आणि हळूहळू कागदावर रोडंगही त्याच्याच खात्यात दिसू लागले. १८१४ साली बक्षी जहागिरीला मुकला. कोर्टात जाऊन हक्क सिद्ध करा, असे त्याला सांगण्यात आले. तीन वर्षांनी, मार्च १८१७ मध्ये, घुमसरचे कंध बाणपूरवर उतरले आणि खुर्द्याचे पाइक त्यांना मिळाले, पुढारी जगबंधू. सरकारी कचेऱ्या जळाल्या, खजिना लुटला गेला. मिठाची मक्तेदारी, पाइकांच्या काढून घेतलेल्या जमिनी, अशी इतर कारणेही होतीच. पण पुढाऱ्याच्या हाती तलवार आली ती खातेवहीतल्या एका नोंदीमुळे.

बंड मोडल्यावर वॉल्टर यूअर चौकशीला आला. त्याने १८१८ साली अहवाल दिला आणि त्यात लिलावांची कहाणी नोंदवली. बक्षी आठ वर्षे रानात फिरला. १८२५ साली तो शरण आला, तेव्हा सरकारने त्याला कटकमध्ये राहण्याच्या अटीवर महिना दीडशे रुपये पेन्शन बांधून दिली. चार वर्षांनी, १८२९ साली, तो तिथेच वारला.

सुट्टीनंतर शाळा उघडली की त्या पोराला हे सांगायचे आहे. तास पस्तीस मिनिटांचा असतो.