संगणक मुद्दाम हळू का चालतो?

शाळेतला आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप रेंगाळू लागला, की ‘प्रोसेसर म्हातारा झाला’ असे म्हणून तो कपाटात जातो. खरे तर वयामुळे प्रोसेसरचे घड्याळ मंदावत नाही. पुष्कळदा ते मुद्दाम मंद केलेले असते. कोणी आणि कशासाठी, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

१९८१ च्या आयबीएम पीसीचे घड्याळ सेकंदाला सुमारे ४७.७ लाख ठोके देई, म्हणजे ४.७७ मेगाहर्ट्झ. पुढे अधिक वेगवान यंत्रे आली, तेव्हा ठोके मोजून चालणारे जुने खेळ त्यांवर भरधाव पळू लागले. म्हणून संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव वेगाचे, पण उपयोग गरजेप्रमाणे वेग कमी करण्याचा! विजेच्या बचतीशी मात्र त्याचा संबंध नव्हता.

बचतीचा विचार पुढे आला तो बॅटरीवरच्या संगणकांमुळे. त्यामागचे तत्त्व समजण्यासाठी कवठे महांकाळच्या शिक्षकांना दूरचा दाखला नको. म्हैसाळ योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून या दुष्काळी भागात आणतात. पाणी जितके उंच चढवावे, तितकी वीज जास्त. प्रोसेसरमधील प्रत्येक बारीक स्विच ही एक टाकीच समजा. व्होल्टेज ही तिची उंची. उंची दुप्पट केली, तर पाणी दुप्पट मावते आणि ते दुप्पट उंचीवर चढवावे लागते. म्हणून ऊर्जा चौपट लागते. टाकी सेकंदाला किती वेळा भरायची, ते घड्याळ ठरवते. म्हणजेच शक्ती ही व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या प्रमाणात बदलते. घड्याळ मंद असेल, तर कमी व्होल्टेजवरही काम भागते. खरी बचत तिथे आहे.

१९९४ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील मार्क वायझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा मांडला : धावत जाऊन काम संपवावे आणि मग रिकामे बसावे, त्यापेक्षा संथपणे वेळेत पुरे करणे स्वस्त पडते. जानेवारी २००० मध्ये इंटेलचे ‘स्पीडस्टेप’ तंत्र बाजारात आले. ६५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-३ विजेवर १.६ व्होल्टने चाले. बॅटरीवर तो ५०० मेगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर उतरे. विद्यार्थ्यांकडून गणित करून घ्या : वेग ७७ टक्के उरतो, पण स्विचिंगची शक्ती सुमारे ५५ टक्केच लागते. २००३ च्या पेंटियम-एममध्ये दोनऐवजी अनेक पायऱ्या आल्या. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत या पायऱ्या निवडण्याची सोय होती. २००४ मध्ये कामाच्या भारानुसार वेग बदलणारे ‘ऑनडिमांड’ धोरणही तीत आले.

जुन्या लॅपटॉपची तपासणी या इतिहासाच्या क्रमानेच करावी, असे आम्ही सुचवतो. प्रथम जड काम देऊन घड्याळाचा वेग पाहा. तो तळालाच चिकटून राहिला, तर आधी धोरण तपासा. येथे नावाने फसू नये. लिनक्सच्या जुन्या पद्धतीत ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे कायम किमान वेग. पण २०१३ पासून आलेल्या इंटेलच्या नव्या चालकात त्याच नावाचे धोरण भारानुसार वेग वाढवते. धोरण ठीक असेल, तर चार्जर पाहा. चार्जरची क्षमता ओळखता आली नाही, तर काही लॅपटॉप सावधगिरीने किमान वेगावरच राहतात. दुसरा योग्य चार्जर लावताच वेग वाढला, तर दोष सापडला. शेवटी उष्णता. वेग सुरुवातीला चढून काही मिनिटांत कोसळत असेल, तर पंख्यात साचलेली धूळ किंवा प्रोसेसरवरचा वाळलेला उष्णतावाहक लेप हे कारण संभवते. एप्रिल-मेच्या दुपारी हा दोष अधिकच जाणवतो.

या तिन्हींपैकी एकाही कारणासाठी नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही. तेव्हा निर्लेखनाच्या यादीत नाव घालण्यापूर्वी दहावीच्या मुलांना हाताशी घेऊन एवढी तपासणी जरूर करावी. एखादे यंत्र परत वर्गात येईल, आणि व्होल्टेजचा वर्ग कशाला शिकायचा, हा प्रश्नही सुटेल.