एका बेटाचे दोन क्रमांक

दिवाळीचा फराळ पुढ्यात असावा आणि परदेशी गेलेल्या मुलाचा फोन यावा, हा प्रसंग आता पुष्कळ घरांत घडतो. आलेल्या क्रमांकाची सुरुवात १ या आकड्याने झालेली दिसली, की आजी लगेच म्हणतात, "अमेरिकेहून आहे वाटतं!" त्यांना हा भूगोल कोणी शिकवलेला नसतो, फोनच्या आकड्यांनीच शिकवलेला असतो. पण हा आकड्यांचा भूगोल दिसतो तितका सरळ नाही. त्याच्या आड पुष्कळदा इतिहास दडलेला असतो. कॅरिबियन समुद्रातील एका चिमुकल्या बेटाची गोष्ट या दृष्टीने मोठी गमतीची आहे.

या बेटाचे नाव सेंट मार्टिन. क्षेत्रफळ अवघे सुमारे ८७ चौरस किलोमीटर. मात्र एवढ्याशा जमिनीवर दोन सत्ता नांदतात. उत्तरेकडचा भाग फ्रान्सचा, त्याची राजधानी मारिगो. दक्षिणेकडचा भाग डच, त्याची राजधानी फिलिप्सबर्ग. दोन्ही गावांत अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचे. वाटेत सरहद्द लागते, पण तेथे ना फाटक, ना पहारा. रस्त्याच्या कडेला एक स्मारकस्तंभ आहे, तो ओलांडला की राज्य बदलले!

ही वाटणी झाली कशी? सतराव्या शतकात युरोपच्या दर्यावर्दी राष्ट्रांचा या बेटावर डोळा होता, तो मुख्यतः मिठासाठी. येथील मिठागरे डचांना हवी होती, कारण त्यांचा हेरिंग माशांचा मोठा व्यापार मिठाशिवाय चालत नसे. मध्यंतरी स्पॅनिशांनी बेट बळकावले. ते परत मिळवण्यासाठी १६४४ मध्ये डचांनी हल्ला केला, त्यात पीटर स्टाइव्हसंट या सेनानीला आपला उजवा पाय गमवावा लागला. हाच गृहस्थ पुढे आजच्या न्यूयॉर्कच्या जागी असलेल्या डच वसाहतीचा कारभारी झाला. १६४८ मध्ये स्पॅनिश निघून गेले, आणि २३ मार्च १६४८ रोजी फ्रेंच व डच यांनी करार करून बेट वाटून घेतले.

बेटावर एक लोककथा सांगतात. एक फ्रेंच व एक डच अशा दोघांनी पाठीला पाठ लावून किनाऱ्याने विरुद्ध दिशांना चालायला सुरुवात केली. जिथे भेट होईल तिथे सरहद्द ठरायची. फ्रेंचाने वाटेत द्राक्षासव घेतले, डचाने कडक जिन. डचाचे पाय अडखळले आणि त्याच्या वाट्याला कमी जमीन आली. कथा खरी मानायचे कारण नाही. पण फ्रेंचांकडे सुमारे ५३ आणि डचांकडे सुमारे ३४ चौरस किलोमीटर भूमी आहे, हे मात्र खरे!

आता टेलिफोनकडे वळू. १९६० च्या दशकात साऱ्या जगाचे दूरध्वनीसाठी विभाग पाडण्यात आले. उत्तर अमेरिकेला १ हा आकडा मिळाला, दक्षिण व मध्य अमेरिकेचे क्रमांक ५ ने सुरू झाले, आणि आपल्या भारताच्या वाट्याला ९१ आले. या वाटणीत सेंट मार्टिनचे दोन्ही भाग पाचाच्या घरात पडले. फ्रेंच भागाला ग्वादलूप बेटाबरोबर ५९० हा क्रमांक, तर डच भागाला नेदरलँड्स अँटिल्सच्या इतर बेटांबरोबर ५९९. शेजारी असूनही घरे निराळी ती निराळीच!

पुढे १० ऑक्टोबर २०१० रोजी नेदरलँड्स अँटिल्स हा देशच विसर्जित झाला. डच सेंट मार्टिन हा नेदरलँड्सच्या राज्यातील एक स्वतंत्र घटक देश बनला. ३० सप्टेंबर २०११ पासून त्याने ५९९ सोडले आणि १-७२१ हा क्रमांक घेतला. या १ च्या परिवारात अमेरिका व कॅनडा यांच्याबरोबर जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद हे देशही आहेत. लोकांचे घरचे सात आकडे होते तेच राहिले; फक्त पुढचे बदलले. अर्धे बेट जागचे तसूभरही न हलता दक्षिण अमेरिकेच्या रांगेतून उठून उत्तर अमेरिकेच्या रांगेत जाऊन बसले!

फ्रेंच भाग मात्र ५९० वरच राहिला. २००७ मध्ये तो ग्वादलूपपासून कारभाराने वेगळा झाला, तरी क्रमांक बदलला नाही. परिणाम असा, की मारिगोहून साडेसहा हजार किलोमीटरांपलीकडच्या पॅरिसला फोन लावायचा, तर देशातल्या देशातले दहा आकडे पुरतात. पण टेकडीपलीकडच्या फिलिप्सबर्गला लावायचा तर परदेशी फोन, एकूण तेरा आकडे! आणि फिलिप्सबर्गहून मारिगोला लावायचा तर पंधरा.

यात दोन राष्ट्रांच्या राज्यनीतीतला फरकही दिसतो. फ्रान्सने दूरच्या बेटाला आपलेच अंग मानले, म्हणून पॅरिस त्याला 'गावातले' झाले. डचांनी आपल्या बेटांना स्वतःचा कारभार दिला, म्हणून फिलिप्सबर्गहून ॲमस्टरडॅमला केलेला फोन परदेशीच ठरतो. आणि ज्या देशाचे प्रवासी येऊन बाजार भरवतात, त्या अमेरिकेला फोन लावायचा तर आता फिलिप्सबर्गहून नुसता १ पुरतो. १६४८ चा करार आजही असा बोटांच्या टोकावर जिवंत आहे.

बेटावरच्या माणसांनी मात्र सरहद्द कधी फारशी मनावर घेतली नाही. घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे, नातीगोती दोहोंकडे. इंग्रजी दोन्ही बाजूंना चालते. ६ सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा' चक्रीवादळ ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने बेटावर कोसळले, तेव्हा त्याने ५९० पाहिले नाही की ७२१ पाहिले नाही. दोन्हीकडची छपरे उडाली, वीज गेली, फोन मुके झाले. अशा वेळी पंधरा आकडे कोण फिरवणार? आपले माणूस सुखरूप आहे की नाही, हे प्रत्यक्ष चालत जाऊनच पाहायचे!

फिलिप्सबर्गच्या बाजारपेठेत आपल्याकडच्या सिंधी व्यापाऱ्यांची दुकाने पुष्कळ आहेत. तेव्हा दिवाळीत कुणाच्या घरी १ ने सुरू होणारा फोन आला, तर तो अमेरिकेचाच असेल असे नाही. आजींना हे अवश्य सांगावे. त्या बहुधा म्हणतील, "कुठूनही असो, आवाज आपल्या माणसाचा आहे ना?" साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या या हिशेबाचे खरे उत्तर कदाचित तेच असेल.