एकोणिसावा धावपटू

१९१९ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटा चकित झाले. भारतीय संघ ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार तेथून बळावला. २२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पच्या ४२.७५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे सुमारे १८ मिनिटे होते. मराठी क्रीडालेखन ऑलिंपिकची कथा बहुधा खाशाबा जाधवांच्या १९५२ मधील कांस्यपदकापासून सांगते. त्या गौरवाला बाधा न आणता म्हणावेसे वाटते की, पदकतालिकेबाहेरचा हा एकोणिसावा क्रमांक त्या कथेचे पहिले प्रकरण आहे. ते वगळले, तर बत्तीस वर्षांचा इतिहास गळून पडतो.