रंगूनची वाट : परभणीहून ब्रह्मदेशाकडे

आजच्या पुष्पाचा विषय आहे रंगून. परभणीत बसून रंगूनची चर्चा कशाला, असं काहींच्या मनात येईल. म्हणून आधी अलीकडची आणि जवळची गोष्ट घेऊ. २०२३च्या जानेवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू अस्थिधातू घेऊन आपल्या परभणीहून पायी निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईला चैत्यभूमीवर पोचले. पाचशेवर किलोमीटरची ती वाट. म्हणजे आग्नेय आशिया आपल्या दारात येऊन गेला. आपल्याला त्यांच्या दारात जायला मात्र फार वर्षं लागली. ती का लागली आणि जाऊन नेमकं काय बघायचं असतं, एवढंच आज मांडायचं आहे.

आम्ही म्हणजे परभणी, जिंतूर आणि सेलू भागातली चौदा माणसं. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी शेतकरी, तीन-चार बाया. २०१८च्या हिवाळ्यात आम्ही ब्रह्मदेशाला जाऊन आलो. आता त्या देशाला म्यानमार म्हणतात आणि रंगूनला यांगोन. आम्ही जुनीच नावं घेतो, कारण आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तीच होती.

आता थोडा इतिहास. महाराष्ट्र आणि ब्रह्मदेश यांच्यातली वाट आधी कैद्यांनी तुडवली आहे. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडालेच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६मध्ये तो तिथंच वारला. तीस वर्षं वाट बघून त्याला आपला देश पुन्हा दिसला नाही. राणी सुपायालत १९१९मध्ये परत जाऊ शकली, तिची समाधी रंगूनला आहे. राजाची रत्नागिरीत, राणीची रंगूनला. उलट दिशेनं बघा. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना १९०८मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं मंडालेत. गीतारहस्य तिथंच लिहिलं गेलं. १९१२मध्ये पत्नी वारल्याची बातमी त्यांना त्या तुरुंगातच कळली. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, एकाच वेळी. दोघांनाही कुणी विचारलं नव्हतं की तुम्हाला जायचं आहे का.

मग आपल्या इच्छेनं, काही शोधायला म्हणून त्या वाटेनं कोण गेलं? इथं बाबासाहेबांचं नाव घ्यावं लागतं. १९३५मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. नागपूरची दीक्षा झाली १९५६मध्ये. मधली एकवीस वर्षं काय चाललं होतं? ते तपासत होते, वाचत होते, आणि जिथं बौद्ध धम्म रोजच्या जगण्यात आहे असे देश डोळ्यांनी बघत होते. १९५०मध्ये ते श्रीलंकेला गेले. १९५४च्या डिसेंबरात रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेची तिसरी बैठक होती, तिला गेले. त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला रंगूनला सहावी संगीती सुरू झाली होती. पंतप्रधान ऊ नू यांच्या सरकारनं त्यासाठी डोंगरातल्या गुहेसारखं प्रचंड सभागृह बांधलं होतं. बाबासाहेबांची तब्येत तेव्हा ठीक नव्हती. तरी गेले. आणि रिकाम्या हातानं आले नाहीत. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडला बसवली. दोन वर्षांनी नागपूरला त्यांना त्रिशरण-पंचशील दिलं ते भिक्खू चंद्रमणी यांनी. ते मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे, आयुष्य काढलं कुशीनगरला. म्हणजे आपल्या दीक्षेचा एक धागा सरळ ब्रह्मदेशाला जातो.

त्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ला, परभणी महाराष्ट्रात नव्हती, मुंबई राज्यातही नव्हती. हैदराबाद राज्यात होती. मुंबई राज्यात आली ती अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला. जिंतूरकडचे आमचे तात्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे. त्यांचे चुलते नागपूरला जाऊन आले होते. चुलत्यांनी घरी येऊन सांगितलं, की दीक्षा देणारे महाराज रंगूनकडचे होते. तेव्हापासून तात्यांच्या डोक्यात रंगून बसलं.

पण जाणार कसं? एक तर पैसा नाही. दुसरं, १९६२मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली आणि देशानं दार लावून घेतलं. काही वर्षं पर्यटकाला चोवीस तासांचाच व्हिसा मिळायचा, नंतर सात दिवसांचा. आणि तिसरं, आपल्याकडचं सांगायलाच हवं. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि गावागावांतून घरं जळाली. आपला जिल्हाही त्यात होता. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. म्हणजे एका नावासाठी सोळा वर्षं. ज्याचं घर नव्यानं शाकारायचं आहे तो रंगूनचं तिकीट काढत नाही. तात्या म्हणायचे, ‘आधी औरंगाबादच्या गेटावर नाव बघू, मग रंगून.’

मधल्या काळात ब्रह्मदेशच थोडा इकडे आला. मंडालेत जन्मलेले गोएंका गुरुजी १९६९मध्ये भारतात आले, इगतपुरीला विपश्यना केंद्र झालं, आणि २००९मध्ये गोराईला श्वेडगॉनच्या धर्तीचा पॅगोडा उभा राहिला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारे आपले पुष्कळ लोक तोही बघून येतात. पण नक्कल बघितली की अस्सल बघायची ओढ वाढतेच. २०१४नंतर व्हिसा घरबसल्या मिळू लागला, आणि आम्ही भिशीसारखे पैसे साठवायला लागलो. चार वर्षं लागली. मग देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमानानं कलकत्ता आणि रंगून.

श्वेडगॉनचं वर्णन करत बसत नाही. जवळजवळ शंभर मीटर उंचीचा सोन्याचा स्तूप, चार बाजूंनी चार जिने, आणि पायथ्यापासून अनवाणी जायचं. सांगायची आहे ती तिथं झालेली एक वादावादी. स्तूपाभोवती वारांची देवळं आहेत. ज्या वारी तुमचा जन्म, त्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर पाणी घालायचं. बुधवारचे दोन भाग करतात, म्हणून आठ कोपरे. आता आमच्यातल्या निम्म्या लोकांना आपला वारच माहीत नाही. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहिलेली! त्यावर सेलूच्या मावशींनी तोड काढली. म्हणाल्या, ‘बाबासाहेबांचा वार कोणता? तोच आमचा.’ १४ एप्रिल १८९१ला मंगळवार होता. मावशी मंगळवारच्या कोपऱ्यात गेल्या, सिंहाच्या चित्राशी, आणि पाणी घातलं. तात्या हात बांधून उभे. म्हणाले, ‘हे ग्रहांचं काम दिसतंय. बाबासाहेबांनी आपल्याला यातनंच बाहेर काढलं ना?’ मावशी म्हणाल्या, ‘मी ग्रहाला नाही घातलं, त्यांच्या नावानं घातलं.’ दोघांचंही बरोबर, असं आम्हाला वाटलं.

पुढे वरच्या ओट्याकडे गेलो तर तिथं बायांना जाऊ देत नाहीत. मावशींनी गाइडला विचारलं, का? तो म्हणाला, रीत आहे. ‘रीत’ हा शब्द भाषांतर न करता मावशींना समजला. मग तात्यांनी विचारलं, तुमच्याकडे गावकुसाबाहेर कुणाला ठेवायचे का? गाइड जरा थांबला आणि मग सांगितलं. पूर्वी राजे युद्धकैद्यांना, गुन्हेगारांना पॅगोड्याला दान देऊन टाकत. झाडलोट त्यांनीच करायची, त्यांच्या मुलाबाळांनीही तीच, आणि बाकीचे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. कायद्यानं ते संपलं आहे. पण होतं. धम्माच्या दारात होतं.

आणि एक प्रश्न विचारून उत्तर मिळालं नाही. २०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर रोहिंग्या माणसं जीव घेऊन बांगलादेशात गेली होती, ती राखाइनमधून. राखाइन म्हणजे तेच आराकान, चंद्रमणी भन्तेंचा मुलूख. आमच्यातल्या एका शिक्षकानं त्याबद्दल विचारलं, तर गाइड म्हणाला, जेवायची वेळ झाली. त्या दुपारी आमच्यात फारसं कुणी बोललं नाही. ज्यांची घरं जळाली होती त्यांना घरं जळण्याची बातमी वेगळी ऐकू येते.

आता मुद्द्यावर येतो. आयुष्यभर स्वप्नात बघितलेला देश प्रत्यक्ष दिसला की माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. हात जोडतो, नाहीतर नाराज होऊन परत येतो. बाबासाहेबांनी तिसरं केलं. १९५०मध्येच त्यांनी महाबोधी मासिकातल्या लेखात लिहिलं होतं, की आजचा भिक्खू समाजाच्या उपयोगी पडत नाही, त्यानं सेवा केली पाहिजे. हे मत घेऊन ते रंगूनला गेले. तिथली श्रद्धा बघितली, मूर्ती आणली, आणि दीक्षेच्या वेळी लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, ज्या रंगूनला कुणी घेत नाही. आदरही ठेवला आणि प्रश्नही सोडला नाही. त्यांनी औरंगाबादच्या कॉलेजला नाव दिलं मिलिंद. कोण हा मिलिंद? नागसेन भिक्खूला प्रश्नावर प्रश्न विचारणारा राजा. आणि गंमत बघा, तो ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथ ब्रह्मदेशात थेट त्रिपिटकात धरतात. म्हणजे तात्यांनी आणि मावशींनी विचारलेले प्रश्न पाहुण्यानं घरमालकाचा केलेला अपमान नव्हता. त्या घराचीच ती जुनी रीत आहे, आणि ही रीत मात्र जपण्यासारखी.

आमच्यामागून आणखी वीस जणांची यादी तयार होती. पण आधी कोरोना आला. मग १ फेब्रुवारी २०२१ला लष्करानं पुन्हा सत्ता घेतली आणि यादवी पेटली. २८ मार्च २०२५च्या भूकंपात मंडाले आणि सगाइंगची दैना झाली. यादी तशीच वहीत आहे. तिच्यातली दोन माणसं गेली. उरलेल्यांना आम्ही एवढंच सांगतो, की वाट उघडेपर्यंत देहूरोडला जाऊन या. रंगूनची मूर्ती सत्तर वर्षांपासून तिथंच आहे, आणि तिला व्हिसा लागत नाही. जाताना आपले प्रश्न मात्र लिहून न्या.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.