विकासाचे अर्थशास्त्र आणि मराठी अर्थतज्ज्ञांची अभ्यासकीय वाटचाल : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. धानाची शेती, मालगुजारी तलाव, तेंदूपाने, विडी उद्योग आणि भातगिरण्या ही या प्रदेशाच्या अर्थव्यवस्थेची परिचित अंगे होत. या प्रदेशाचे मागासलेपण किती, ते कशाच्या आधारे मोजावयाचे आणि ते दूर करण्यास किती निधी लागेल, या प्रश्नांची शासकीय उत्तरे मात्र येथील अभ्यासकांनी दिलेली नाहीत. पुण्या-मुंबईत घडलेल्या अर्थतज्ज्ञांच्या संशोधनातून ती आली. प्रस्तुत लेखात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर या तीन अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासकीय कारकिर्दीचा विचार केला असून, त्यांनी रूढ केलेल्या मोजमापांचा गोंदियासारख्या जिल्ह्याशी असलेला संबंध तपासला आहे.

डॉ. आंबेडकर : ज्ञानपीठाबाहेर गेलेला अर्थशास्त्रज्ञ

डॉ. आंबेडकरांची प्रारंभीची ओळख अर्थशास्त्राचे अभ्यासक अशीच होती. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१८ ते १९२० या काळात ते मुंबईच्या सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली व त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतातील लहान जमीनधारणेवरील त्यांचा १९१८ चा निबंध विकासाच्या अर्थशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. धारणेचा आकार केवळ क्षेत्रफळावरून ठरवू नये, जमिनीवर लागणारे श्रम व भांडवल यांच्या प्रमाणात तो पाहावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. शेतीवरील अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगांत सामावून घेणे हा उपाय त्यांनी सुचविला. शेतीप्रधान अर्थव्यवस्थेच्या संक्रमणाचा प्रश्न त्यांनी अशा रीतीने फार लवकर मांडला होता.

पुढे सामाजिक व राजकीय कार्यामुळे ते अध्यापनाच्या क्षेत्रापासून दूर गेले. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणूक त्यांनी लढविली. तीत त्यांचा पराभव झाला. या द्विसदस्य मतदारसंघाच्या सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. तेच पुढे १९६३ मध्ये योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता.

धनंजयराव गाडगीळ : संस्था हेच साधन

धनंजयराव गाडगीळ यांचे शालेय शिक्षण नागपुरात झाले. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. त्यापूर्वीच ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिजला गेले होते. तेथील प्रबंधावर आधारलेला भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळल्यानंतर १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले.

या छत्तीस वर्षांत त्यांनी सर्वेक्षणाची एक परंपरा निर्माण केली. पुण्यातील फळबाजार, वाई तालुक्यातील शेती, पुणे शहराचे सामाजिक-आर्थिक जीवन असे विषय संस्थेने घरोघर व शेतोशेत जाऊन अभ्यासले. अर्थशास्त्राचा सिद्धांत जवळच्या तालुक्यात पडताळून पाहता येतो, हा विश्वास त्यामागे होता. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांना त्यांची साथ लाभली, ती याच विश्वासातून. १९६७ मध्ये ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे १९६९ चे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

वि. म. दांडेकर : मोजमापाचे शास्त्र

सांख्यिकीचे शिक्षण घेतलेले वि. म. दांडेकर १९४० च्या दशकाच्या मध्यास गोखले संस्थेत आले आणि १९६६ ते १९८० या काळात तिचे संचालक होते. मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीचे त्यांनी खुदनपूर यांच्यासमवेत केलेले सर्वेक्षण १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. कायद्याने दिलेले संरक्षण प्रत्यक्षात कुळांच्या हाती कितपत पडले, याची ती कठोर तपासणी होती. १९७१ मध्ये नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिदिनी २,२५० उष्मांकांच्या आहारास पुरेल एवढा खर्च हा निकष धरून, १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व नागरी भागातील सुमारे ५० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

पीकविम्यासंबंधी १९७६ मध्ये त्यांनी मांडलेला विचारही दूरगामी ठरला. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान स्वतंत्रपणे मोजणे अव्यवहार्य असल्याने एकजिनसी परिसराचे सरासरी उत्पादन आधारभूत मानावे, असे त्यांनी सुचविले. १९७९ च्या प्रायोगिक योजनेपासून पुढच्या प्रमुख पीकविमा योजनांनी हेच तत्त्व स्वीकारले.

प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी महाराष्ट्र शासनाने १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षपद दांडेकरांकडे आले. समितीने जिल्हा हे एकक मानले व राज्याच्या सरासरीखाली असलेली तूट म्हणजे अनुशेष, अशी व्याख्या केली. १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये होता व त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. विदर्भाच्या मागणीला यातून प्रथमच आकड्यांचे निश्चित अधिष्ठान मिळाले.

एककाचा प्रश्न आणि गोंदिया :

मोजमापाचे सामर्थ्य एककात असते, तशी त्याची मर्यादाही एककातच असते. दांडेकर समितीसमोर अविभाजित भंडारा जिल्हा होता. त्या जिल्ह्याच्या सरासरीत तिरोडा-गोंदियाचा सपाट, धानपिकाचा भाग आणि देवरी-सालेकसाचा वनाच्छादित, आदिवासीबहुल भाग एकत्र मिसळले गेले. जिल्हा विभागल्यानंतरही हा प्रश्न संपला नाही. तो नव्या जिल्ह्याच्या अंतर्भागात आला.

सिंचनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. निरनिराळ्या पिकांना लागणारे पाणी वेगवेगळे असल्यामुळे समितीने सिंचित क्षेत्राची तुलना प्रमाणित रब्बी ज्वारीच्या परिमाणात केली. राज्यव्यापी तुलनेसाठी असे एखादे समान परिमाण आवश्यकच होते. परंतु रोवणीनंतर पावसाने ओढ दिली असता धान वाचविणे, हे मालगुजारी तलावाचे मुख्य काम. ते ज्वारीच्या परिमाणात पुरते उतरत नाही. मालगुजारी पद्धत संपुष्टात आल्यावर तलावांची दुरुस्ती कोणी करावयाची, गाळ कोणी काढावयाचा व पाण्याची वाटणी कोणी पाहावयाची, हा संस्थात्मक प्रश्न तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे श्रम आणि तेंदूपानांच्या अल्पकालीन हंगामातील मिळकत यांचीही स्थिती फारशी वेगळी नाही.

हा या अर्थतज्ज्ञांचा दोष मानणे अन्यायाचे होईल. त्यांनी उपलब्ध साधनांनिशी राज्याचे व देशाचे चित्र रेखाटले. परंतु त्यांच्यापैकी कोणाचीही मुख्य कर्मभूमी पूर्व विदर्भ नव्हती. वाई तालुक्याला जशी गोखले संस्था लाभली, तशी अर्जुनी-मोरगावला लाभली नाही. ज्या प्रदेशाचे स्वतःचे सर्वेक्षण नसते, त्याला दुसऱ्यांच्या सरासरीत वावरावे लागते.

समारोप :

उपरोक्त तीन कारकिर्दींतून असे दिसते की, विकासाच्या अर्थशास्त्रातील अधिकार केवळ पदवी वा पद यांतून प्राप्त झाला नाही. आंबेडकरांनी प्रश्नाची मांडणी बदलली, गाडगीळांनी सर्वेक्षणाला संस्थेचा आधार दिला आणि दांडेकरांनी मोजमाप धोरणापर्यंत पोहोचविले. संतुलित विकासाचा विचार करण्यासाठी २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा समिती नेमावी लागली, यावरून हा विषय किती अपूर्ण आहे हे लक्षात येते. पुढील समितीपुढे गोंदिया जिल्ह्याची कोणती माहिती असेल, हे बव्हंशी जिल्ह्यातील महाविद्यालयांवर अवलंबून आहे. एका तालुक्यातील तलावांची सलग दहा वर्षांची नोंद किंवा एका गावातील विडी कामगारांच्या मिळकतीचा काळजीपूर्वक केलेला अभ्यास हे काम पदोन्नतीच्या हिशेबात लहान वाटेल. मात्र राज्याच्या सरासरीला प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य अशाच नोंदींत असते.