शाळेचे अनुदान आणि घरचा खर्च : महाराष्ट्रातील शासकीय शिक्षणसाहाय्याचा मागोवा

मुलांच्या शिक्षणासाठी शासनाने खजिन्यातून पैसा द्यावा, ही गोष्ट आज सर्वांस स्वाभाविक वाटते. परंतु ही समजूत रूढ होण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली आहेत. या प्रदीर्घ काळात शासनाचा पैसा मुख्यतः दोन वाटांनी गेला. पहिली वाट शाळेकडे जाणारी: इमारत, शिक्षकांचे वेतन, फळे-खडू. दुसरी वाट कुटुंबाकडे जाणारी: फीमाफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, मुलाच्या मुखी पडणारा घास. इतिहासाची पाने चाळली असता असे दिसते, की पहिल्या वाटेने कितीही पैसा गेला तरी दुसरी वाट बंद असेल तर गरिबाचे मूल शाळेच्या बाहेरच राहते. समाजाच्या विश्वस्त संस्थांनी हा धडा ध्यानी घ्यावा असा आहे.

प्रारंभ : एक लाख रुपयांची तरतूद

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत शिक्षणाकरिता वर्षाला किमान एक लाख रुपये खर्च करण्याचे कलम प्रथम आले. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशासाठी ही रक्कम नाममात्र होती. तथापि राज्यकर्त्यांच्या जमाखर्चात शिक्षणाचे खाते तेव्हापासून उघडले गेले, हे तिचे महत्त्व. पुढे १८५४ मध्ये चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत त्याने घालून दिली. लोकांनी शाळा काढावी, सरकारने तपासणी करावी आणि काही भार उचलावा, ही आजच्या अनुदानित शाळांची मूळ कल्पना त्या खलित्यातील आहे.

मुंबई इलाख्यात या अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशी घातली गेली. निरीक्षक शाळेत येत, मुलांची परीक्षा घेत आणि उत्तीर्ण मुलांच्या प्रमाणात शाळेच्या पदरात रक्कम पडे. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत चोख दिसते. परंतु जे मूल शेतावर राबते, गुरे राखते, आठवड्यातून दोन दिवसच शाळेत येते, ते मूल शाळेच्या लेखी तोट्याचे ठरले. अनुदान शाळेला मिळत राहिले. त्या मुलाच्या घराची अडचण मात्र कोणाच्याच वहीत नोंदली गेली नाही.

महात्मा फुले यांची साक्ष

ही उणीव नेमकी दाखवून दिली ती महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षणखर्चाचा जणू ताळेबंदच मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, असे त्यांचे म्हणणे होते. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. जमा कोणाकडून होते आणि खर्च कोणावर पडतो, हा प्रश्न शिक्षणाच्या संदर्भात इतक्या स्पष्टपणे विचारणाऱ्यांत फुले अग्रणी होते.

सक्तीची कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय प्रथम बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानात हेच व्हावे म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी सोसावा आणि दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, अशी त्याची योजना होती. १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. विधेयक पडले, परंतु पालकाचे उत्पन्न पाहून फी माफ करण्याचा विचार टिकला. पुढे सत्तेचाळीस वर्षांनी तो महाराष्ट्रात साकार झाला.

करवीर संस्थानाचा आदर्श

राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा विशेष हा, की त्यांनी दोन्ही वाटांचा एकत्र विचार केला. १९१७ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१८ मध्ये चिखली येथून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मुलास शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला गेला. त्या काळी एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम निघाला.

तथापि महाराजांची दूरदृष्टी कायद्याहूनही वसतिगृहांत अधिक दिसते. खेड्यातील मुलाची फी माफ केली तरी कोल्हापुरात त्याने राहावे कोठे आणि जेवावे काय, हा प्रश्न उरतोच, हे त्यांनी जाणले होते. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगचीही स्थापना झाली. पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य आणि इतर समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. दरबारने जागा, इमारत, वार्षिक साहाय्य द्यावे आणि समाजाने व्यवस्था पाहून उरलेला खर्च उचलावा, अशी ही भागीदारी होती. राज्याचा पैसा आणि समाजाचा पैसा एकाच मुलाच्या पाठीशी उभे राहिल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या भागीदारीत जैन समाजाचा वाटा लक्षणीय आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे एक अध्वर्यू आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगशी निकट संबंध असलेले अण्णासाहेब लठ्ठे हे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच १९२४ मध्ये लिहिले. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाची सोय हाच त्याचाही मुख्य हेतू होता. अन्न आणि निवारा हाच शिक्षणाचा पहिला खर्च आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

कर्मवीरांचा मार्ग

कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये काही काळ राहिलेले भाऊराव पाटील यांनी हाच विचार सर्व जातिधर्मांच्या मुलांपर्यंत नेला. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व समाजांची मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. वसतिगृहातील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही.

भाऊरावांनी सरकारी अनुदान नाकारले नाही, परंतु केवळ त्यावर विसंबूनही राहिले नाहीत. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर मोफत शिक्षण दिले गेले. विद्यार्थ्याचे श्रम, रयतेचे धान्य, दात्यांचा पैसा आणि सरकारचे अनुदान असे चार प्रवाह एकत्र आले, म्हणून ती संस्था टिकली आणि वाढली.

स्वातंत्र्यानंतर : उत्पन्नाचा निकष

राज्यघटनेच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय ठेवले. कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा अधिकार दिला आणि अनुदान देताना अशा संस्थांबाबत राज्याने भेदभाव करू नये, असेही स्पष्ट केले.

महाराष्ट्रातील मध्यम व गरीब कुटुंबांच्या जीवनात खरा पालट घडवला तो १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या आर्थिकदृष्ट्या मागासांच्या सवलतीने. सर्वसामान्यांच्या बोलण्यात ती ‘ईबीसी’ म्हणूनच रुळली. वार्षिक १२०० रुपये, म्हणजे महिना शंभर रुपये, ही तिची उत्पन्नमर्यादा लवकरच सर्वतोमुखी झाली. जात न पाहता केवळ उत्पन्न पाहून फी माफ झाली आणि त्या फीची भरपाई सरकारने शिक्षणसंस्थेला केली. त्यामुळे शाळेचे नुकसान झाले नाही आणि पालकाला मान खाली घालावी लागली नाही. अल्पभूधारक शेतकरी, दुकानातील दिवाणजी, हातमागावरचा विणकर अशा कितीतरी घरांतील पहिला पदवीधर या सवलतीमुळे घडला. कर्मवीरांचे निधनही १९५९ सालचेच. त्यांनी ज्या मुलांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्यासाठी राज्याचे दार त्याच वर्षी उघडावे, हा योग लक्षात राहण्यासारखा आहे.

विनाअनुदान, आणि घरावर परतलेला भार

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. राज्याबाहेर जाणारी मुले येथेच शिकू लागली, हा लाभ निश्चितच मोठा. परंतु फीचा भार पुन्हा कुटुंबावर आला. शाळांच्या बाबतीतही पुढे ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आले. त्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळण्यात आला आणि २०१६ पासून वीस टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले. मधल्या काळात असंख्य शिक्षकांनी अत्यल्प वेतनावर किंवा वेतनाविना अध्यापन केले. त्यांच्या कुटुंबांनी सोसलेली झळ हाही या इतिहासाचा भाग मानला पाहिजे.

याच काळात कुटुंबाकडे जाणारी वाटही काही अंशी रुंदावली. १९९२ पासून दुर्बल घटकांतील शाळकरी मुलींना प्रतिदिन एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. १९९५ मध्ये शालेय पोषण आहाराची केंद्रीय योजना आली. प्रारंभी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले. शाळेतील खिचडीने मुलांना वर्गात आणले, हे शिक्षक जाणतात. उपस्थिती भत्ता मात्र तीन दशके एक रुपयाच राहिला. १९१७ मध्ये महिन्याला एक रुपया दंडाचा पालकास धाक वाटे. अलीकडच्या काळात दिवसाला एक रुपया मिळूनही घराला आधार वाटेनासा झाला. रक्कम एकदा ठरवून विसरली, की महागाई ती योजना हळूहळू पोकळ करून टाकते.

२००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या गेल्या. अल्पसंख्याक शाळांना मात्र न्यायालयाने त्यातून वगळले. २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या जागांतून सूट दिली होती. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. त्याच महिन्यात, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शंभर टक्के शुल्कसवलत देण्याचा शासननिर्णयही निघाला.

जैन समाज आणि सद्यःस्थिती

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्या समाजातील विद्यार्थ्यांस खुल्या झाल्या. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वार्षिक एक लाख आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची दोन लाख रुपये होती. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या शिष्यवृत्त्या बंद करण्यात आल्या. या इयत्तांचे शिक्षण कायद्याने मोफतच आहे, असे कारण देण्यात आले. पण फी नसली तरी दप्तर, पादत्राणे, प्रवास यांचा खर्च घरालाच करावा लागतो. अनुदानाची पहिली वाट दाखवून दुसरी बंद करण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

जैन म्हणजे सधन, अशी एक समजूत समाजाबाहेर आहे, आणि काही अंशी समाजातही आहे. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागातील अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर, दुकानांतील पगारी नोकर यांची घरे या समजुतीत झाकली जातात. संकोचामुळे उत्पन्नाचा दाखला काढणे टाळले जाते आणि हक्काची सवलतही हातची जाते.

दानाची दिशा

या इतिहासातून समाजाच्या संस्थांना तीन गोष्टी घेता येतील. पहिली, शासकीय योजनांची माहिती, दाखले आणि अर्ज यांसाठी दरवर्षी मे-जूनमध्ये विद्यार्थ्यांच्या हाताशी जाणते मनुष्यबळ असावे. दुसरी, शासनाची रक्कम उशिरा येते आणि महाविद्यालयाची फी आधी भरावी लागते. मधल्या काही महिन्यांसाठी बिनव्याजी उचल मिळाली तर अनेक प्रवेश वाचतील. व्यापारी समाजास खेळत्या भांडवलाचे मोल वेगळे सांगावयास नको. तिसरी, नव्या इमारतीच्या कोनशिलेस दाते सहज मिळतात, परंतु विद्यार्थ्याच्या खाणावळीच्या बिलावर कोणाचे नाव कोरले जात नाही. तेथेच मदतीची निकड सर्वाधिक असते.

१९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग उभारणाऱ्यांनी हीच निकड ओळखली होती. त्यांनी दरबारचे साहाय्य घेतले आणि समाजाची झोळीही फिरवली. शासनाची रक्कम जेथे थांबते, तेथून समाजाची रक्कम पुढे गेली पाहिजे. एवढी खूणगाठ बांधली, तर त्या पिढीचे ऋण काही अंशी तरी फिटेल.