मद्रासच्या आकाशातला ‘एशिया’

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रास वेधशाळेत नॉर्मन रॉबर्ट पॉगसन यांनी एका लघुग्रहाचा शोध लावला. क्रमवारीत तो ६७ वा. पण आशिया खंडातून शोधला गेलेला पहिलाच. म्हणून त्याचे नाव ‘एशिया’ ठेवण्यात आले.

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील हा खडकाळ, सिलिकेटयुक्त पिंड सुमारे पावणेचार वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. त्या काळी अशा शोधांसाठी छायाचित्रांचा आधार नव्हता. दुर्बिणीतून दिसणारे तारे नकाशाशी ताडून पाहायचे, पुढच्या रात्री तोच भाग पुन्हा न्याहाळायचा. जो ठिपका सरकला, तो ग्रह. याच चिकाटीने पॉगसन यांनी मद्रासहून सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) आणि वेरा (१८८५) हे लघुग्रहही शोधले.

मात्र त्या दुर्बिणींमागे भारतीय डोळेही होते. वेधशाळेतील साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये जालक तारकासमूहातील एक रूपविकारी तारा शोधला. पुढे १८७२ मध्ये ते लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले.

१८९९ मध्ये वेधशाळेचे मुख्य कार्य कोडाईकनालला हलले. बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था त्याच परंपरेची वारसदार आहे. ‘एशिया’च्या नावात खंडाचा गौरव आहे, त्या रात्री जागवणाऱ्या भारतीय साहाय्यकांची नावे मात्र इतिहासाला आवर्जून सांगावी लागतात.